‘जी’ घराण्याचा कुलवृत्तांत

आल्ड्रेड स्कॉट वॉर्थिन हे १८९५ साली तिशीच्या उंबरठ्यावर होते. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावात ते विकृतिशास्त्र शिकवत. प्रेतांची चिकित्सा करायची, शस्त्रक्रियेत कापून काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या आणि रोगाचे नाव ठरवायचे, हे त्यांचे काम. वैद्यकाआधी सिनसिनाटीत त्यांनी संगीताचे रीतसर शिक्षण घेतले होते. पुढे युरोपातल्या जुन्या ‘मृत्यूच्या नृत्या’च्या चित्रांचा त्यांना नाद लागला. या चित्रांत सांगाडा राजाला, भिक्षुकाला, वैद्याला हात धरून नेताना दिसतो. त्या चित्रांतल्या वैद्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले.

त्यांच्या घरचे कपडे शिवणारी एक तरुण बाई होती. एके दिवशी ती फार उदास दिसली, म्हणून वॉर्थिननी कारण विचारले. तिने सांगितले ते असे, की आज मी धडधाकट आहे, पण मी लवकर जाणार. आमच्या घरात सगळे असेच जातात, कुणी पोटाच्या कर्करोगाने, कुणी आतड्याच्या, कुणी गर्भाशयाच्या.

अशी वाक्ये डॉक्टरांच्या कानावर आजही रोज पडतात. ‘आमच्या घराण्यातच आहे ते,’ हे आपल्याकडच्या कुठल्याही दवाखान्यात ऐकू येते, आणि बहुतेक वेळा ‘काळजी करू नका’ एवढ्यावर बोलणे संपते. वॉर्थिननी ते संपू दिले नाही. कोण गेले, कितव्या वर्षी गेले, कशाने गेले, असे ते विचारत राहिले, आणि तिलाच त्यांनी कामाला लावले. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचार, चुलतभावंडांची नावे आण, मृत्यूची कारणे आण. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईने पुढची अनेक वर्षे हे काम केले.

या कामाचे वेगळेपण कळायला त्या सालाकडे पाहावे लागते. क्ष-किरणांचा शोध त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लागला. ग्रेगोर मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध तीस वर्षे धूळ खात पडला होता, त्याची दखल घेतली जायला अजून पाच वर्षे होती. ‘जीन’ हा शब्दच अस्तित्वात नव्हता. आई-वडिलांकडून मुलांकडे काहीतरी जाते हे शेतकऱ्यालाही ठाऊक होते, पण ते ‘काहीतरी’ कुठल्या नियमाने जाते हे कुणी सांगू शकत नव्हते. वॉर्थिनच्या हातात होते ते कागद, पेन्सिल आणि त्या बाईची आठवण. जोडीला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले गाठींचे नमुने होते, आणि त्यांवरून सांगोवांगीची खातरजमा करता येत होती.

आपल्याकडे कुलवृत्तांत छापण्याची परंपरा आहे. मूळ पुरुष कोण, कुठल्या गावाहून आला, कुणाला किती मुलगे, कोण वकील झाला, कोण मामलेदार. मृत्यूचे साल असते, कारण क्वचितच. मुलींची शाखा बहुधा लग्नापाशी तुटते, पुढे ती दुसऱ्या घराण्याची. मिशिगनमध्ये तयार होऊ लागला तो नेमका उलट्या धर्तीचा कुलवृत्तांत होता. त्यात व्यवसायाला आणि कर्तृत्वाला महत्त्व नव्हते, मृत्यूच्या कारणाला होते. आणि लेकींच्या शाखा लेकांइतक्याच काळजीने पुढे न्याव्या लागत होत्या, कारण हा वारसा लेकींच्याही हाती तितक्याच सहज जात होता. लग्नानंतर आडनाव बदललेली मावशी किंवा आत्या नोंदीतून सुटली, तर निम्मे घराणे अंधारात राहिले असते.

घराण्याचा मूळ पुरुष जर्मनीतून आलेला. ॲन आर्बरच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात जर्मन शेतकऱ्यांची मोठी वस्ती झाली, त्यांपैकीच हा एक. तो १८५६ मध्ये साठीत वारला, बहुधा पोटाच्या किंवा आतड्याच्या कर्करोगाने. वॉर्थिननी १९१३ मध्ये आपले निष्कर्ष छापले. या मूळ पुरुषाच्या ४८ वंशजांपैकी १७ जण कर्करोगाने दगावले होते किंवा त्यासाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. त्यात गर्भाशयाचा कर्करोग १० जणींना आणि जठराचा ७ जणांना. एका घरात, तीन पिढ्यांत, त्याच त्या दोन-तीन अवयवांवर घाला. वॉर्थिननी या घराण्याला ‘फॅमिली जी’ असे नाव दिले. खरे आडनाव झाकून ठेवणे आवश्यक होते.

ती बाई स्वतः ४६व्या वर्षी गेली. गर्भाशयाच्या कर्करोगाने.

आता प्रश्न असा, की १९१३ मध्ये इतकी स्पष्ट नोंद छापून आली असताना पुढची पन्नास वर्षे वैद्यकाने तिच्याकडे पाठ का फिरवली? याला एकच कारण नाही, पण दोन मोठी दिसतात.

पहिले कारण त्या काळच्या यशात आहे. क्षय, पटकी, घटसर्प हे सगळे जंतूंमुळे होतात हे नुकतेच सिद्ध झाले होते, आणि प्रत्येक रोगामागे बाहेरून आलेला शत्रू शोधण्याची सवय लागली होती. १९११ मध्ये पेटन राउस यांनी कोंबड्यांमधली एक गाठ सूक्ष्म घटकामुळे एका पक्ष्यातून दुसऱ्यात जाते हे दाखवले. १९२६ सालचे वैद्यकाचे नोबेल योहानेस फिबिगर यांना मिळाले. कृमींमुळे उंदरांच्या जठरात कर्करोग होतो, असा त्यांचा दावा होता. तो दावा पुढे टिकला नाही. पण कर्करोग बाहेरून येतो ही समजूत टिकली, आणि त्या समजुतीत एका घराण्याच्या वंशावळीला जागा नव्हती. एकाच घरात अनेकांना कर्करोग झाला तर तो योगायोग, किंवा एकाच चुलीवरचे अन्न, असे म्हणून विषय मिटत असे.

दुसरे कारण अधिक अस्वस्थ करणारे आहे आणि ते वॉर्थिन यांच्यापर्यंत पोहोचते. ते ‘सुप्रजननशास्त्रा’चे पुरस्कर्ते होते. चांगल्या वाणाच्या माणसांनी संतती वाढवावी, कमअस्सल वाणाच्या माणसांनी थांबवावी, हा विचार त्या काळी अमेरिकेतल्या विद्यापीठांत प्रतिष्ठित होता. सक्तीच्या नसबंदीचा पहिला कायदा १९०७ मध्ये इंडियाना राज्याने केला, आणि वॉर्थिन यांचा जन्म त्याच राज्यातला. मिशिगनचा कायदा १९१३ चा, म्हणजे ‘जी’ घराण्याचा निबंध छापला गेला त्याच सालचा. जी वंशावळ एका घाबरलेल्या बाईचे म्हणणे खरे ठरवण्यासाठी सुरू झाली, तिचा उपयोग घराणे ‘दूषित’ ठरवण्यासाठीही होऊ शकत होता, आणि तिचा कर्ता त्या विचाराच्या बाजूचा होता. मला वॉर्थिनबद्दल आदर वाटतो. ज्या काळात बाईमाणसाच्या भीतीला हिस्टेरिया म्हणून हसण्यावारी नेत, त्या काळात त्यांनी ऐकून घेतले. पण त्या आदराला हे सत्य चिकटलेले आहे आणि ते सोलून वेगळे करता येत नाही. पुढे नाझी जर्मनीत याच विचाराने लाखोंची नसबंदी झाली, मग हत्याकांडे झाली. १९४५ नंतर माणसाच्या रोगांचा आनुवंशिक अभ्यास करू म्हणणाऱ्याकडे लोक संशयाने पाहू लागले, आणि त्यात नवल नव्हते.

वॉर्थिन १९३१ मध्ये वारले. त्यांचे शिष्य कार्ल वेलर यांनी १९३६ मध्ये सहकाऱ्यासह ‘जी’ घराण्याचा पुढचा अहवाल छापला, नव्या पिढीतही तोच क्रम चालू असल्याचे नोंदवले. त्यानंतर कागद कपाटात गेले. घराणे मात्र वाढत होते, मिशिगनबाहेर पसरत होते. तिथल्या माणसांना आपण कुठल्या वैद्यकीय निबंधातले आकडे आहोत याची कल्पना बहुधा नव्हती. चाळिशी-पंचेचाळिशीत कुणीतरी जाते, एवढे त्यांना माहीत होते.

पुढचा अध्याय १९६२ मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात सुरू होतो. हेन्री लिंच हे तिथे निवासी डॉक्टर होते. त्यांचा तिथवरचा प्रवास डॉक्टरकीच्या सरळ रस्त्याने झालेला नव्हता. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेली, सोळाव्या वर्षी वय लपवून नौदलात भरती, दुसऱ्या महायुद्धात चाकरी, मग काही काळ मुष्टियुद्धाच्या रिंगणात. पुढे मानसशास्त्राची पदवी, त्यानंतर आनुवंशशास्त्राचा अभ्यास आणि अखेर वैद्यकाची पदवी. या उलट्यासुलट्या वाटेचा फायदा असा झाला, की माणसाशी बोलायचे कसे हे मानसशास्त्राने शिकवले होते आणि ऐकलेले कागदावर मांडायचे कसे हे आनुवंशशास्त्राने.

त्यांना एका रुग्णाला पाहायला बोलावले गेले. अतिमद्यपानानंतर दारू अचानक सुटली की येणारा कंप आणि भ्रम यांतून तो नुकताच सावरत होता. इतके का पितोस, असे लिंचनी विचारले. तो म्हणाला, माझ्या घरातले सगळे कर्करोगाने मरतात, मीही तसाच मरणार, मग न पिऊन काय करू?

सदुसष्ट वर्षांच्या अंतराने, हजार किलोमीटरच्या आसपास दूर, तेच बोलणे दुसऱ्या माणसाच्या तोंडून आले होते.

लिंच यांचा पहिला अंदाज चुकला. आतड्याचा कर्करोग घराण्यात चालतो असा एक रोग तेव्हा डॉक्टरांना माहीत होता. त्यात मोठ्या आतड्याच्या अस्तरावर शेकड्यांनी, कधी हजारांनी पॉलिप म्हणजे मांसल कोंब उगवतात, आणि वेळेत उपचार केला नाही तर त्यांतल्या एखाद्याचा कर्करोग होतोच. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात लॉकहार्ट-ममरी आणि कथबर्ट ड्यूक्स यांनी अशा घराण्यांची नोंदवही १९२० च्या दशकातच सुरू केली होती. हा रोग ओळखायला सोपा, कारण आतडे उघडले की डोळ्यांना दिसतो. ओमाहाच्या रुग्णाचेही घराणे असेच असेल असे लिंचना वाटले. पण नातेवाइकांच्या शस्त्रक्रियांचे जुने अहवाल मागवले तेव्हा आतड्यांत कोंबांचे ते रान कुठेच नव्हते. साधे दिसणारे आतडे, त्यात एखादीच गाठ. बायकांच्या गर्भाशयातही गाठी. हा रोग डोळ्यांना दिसणारा नव्हता. एका माणसाकडे कितीही बारकाईने पाहिले तरी तो सापडला नसता. घराणे समोर मांडल्यावरच तो दिसत होता.

लिंच यांनी ॲन क्रश या समाजसेविकेच्या मदतीने घरोघर जाऊन हे घराणे मांडायला घेतले. नातेवाइकांच्या मुलाखती, रुग्णालयांच्या फायली, मृत्यूचे दाखले, जपून ठेवलेल्या काचपट्ट्या. १९६४ मध्ये मानवी आनुवंशशास्त्राच्या परिषदेत त्यांनी हे ‘फॅमिली एन’ सादर केले, तेव्हा मिशिगनच्या मार्जरी शॉ यांनी सांगितले, की माझ्याकडेही असेच एक घराणे आहे. १९६६ मध्ये दोन्ही घराण्यांवरचा निबंध प्रसिद्ध झाला. तो वाचून ॲन आर्बरमधल्या विकृतिशास्त्र विभागाचे तेव्हाचे प्रमुख जेम्स फ्रेंच यांनी लिंचशी संपर्क साधला. वॉर्थिन यांचे कागद अजून आमच्याकडे आहेत, तुम्हाला हवे का?

कपाट उघडले गेले. लिंच आणि क्रश यांनी ‘जी’ घराण्याचे विखुरलेले वंशज शोधून काढले आणि १९७१ मध्ये, पंचाहत्तर वर्षांचा हिशेब पुरा करत, नवा अहवाल छापला. आता ६५० हून अधिक रक्ताच्या नातेवाइकांची माहिती होती, त्यांतल्या ९५ जणांना कर्करोग झालेला होता. या अहवालातला एक बदल मला विलक्षण वाटतो. वॉर्थिनच्या वेळी या घराण्यात जठराचा कर्करोग ठळक होता. आता तो मागे पडला होता आणि मोठ्या आतड्याचा पुढे आला होता. अमेरिकेतल्या सर्वसाधारण लोकांमध्येही त्या काळात हेच घडले होते, जठराचा कर्करोग ओसरत गेला होता. म्हणजे वारशाने येत होती ती कमजोरी, आणि ती कुठल्या अवयवात फुटून निघेल यावर जगण्याच्या पद्धतीचाही हात होता. नशीब कपाळावर लिहिलेले असते असे मानणाऱ्या घराण्याच्या वंशावळीतच त्या समजुतीला पडलेली ही पहिली चीर होती.

पण जगाला पटायला वेळ लागला. १९७१ मध्येच अमेरिकेने कर्करोगाविरुद्ध राष्ट्रीय मोहिमेचा कायदा केला, आणि त्या मोहिमेचा बराच पैसा विषाणूंच्या शोधाकडे गेला. लिंच यांचे सरकारी अनुदानाचे अर्ज वर्षानुवर्षे नाकारले गेले. घराण्यांच्या याद्या म्हणजे किस्से, पुरावा नव्हे, असा तज्ज्ञांचा सूर असे. लिंच तोवर ओमाहातल्याच क्रेटन विद्यापीठात गेले होते. पत्नी जेन यांच्यासह ते गाडी घेऊन खेड्यापाड्यांतल्या कुटुंबमेळाव्यांना जात. तिथे लोक जेवायला, भेटायला जमलेले. लिंच त्यांना रोगाविषयी समजावून सांगत, रक्ताचे नमुने घेत, आणि कुठल्या वयापासून कुठली तपासणी करा हे सांगत. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी पंचविशीतच सुरू करा, हा त्यांचा आग्रह त्या काळी अनेक डॉक्टरांना अतिरेकी वाटे. जनुक हाती नव्हते, पण वाट पाहायला वेळही नव्हता, कारण माणसे मरत होती.

१९८४ मध्ये या रोगाला प्रथम ‘लिंच सिंड्रोम’ म्हटले गेले. १९९० मध्ये ॲम्स्टरडॅम येथे जमलेल्या तज्ज्ञांनी तो ओळखण्याचा एक सोपा नियम बांधला. मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेले किमान तीन नातेवाईक, त्यांपैकी एक बाकी दोघांचा अगदी जवळचा, किमान दोन पिढ्या, आणि एकाला तरी पन्नाशीच्या आत झालेला. हा नियम वाचताना पुन्हा ती शिवणकाम करणारी बाई डोळ्यांसमोर येते. कोण, कितव्या वर्षी, कशाने. तिने आणलेली माहितीच आता निकष झाली होती.

मग १९९३ आले, आणि शंभर वर्षे रेंगाळलेली गोष्ट काही महिन्यांत धावत सुटली. न्यूझीलंड आणि कॅनडातल्या दोन मोठ्या घराण्यांचे नमुने घेऊन बाल्टिमोरचे बर्ट फोगेलस्टाइन आणि हेलसिंकीचे आल्बर्ट द ला शापेल यांच्या गटांनी दोष दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे इथवर मजल मारली. त्या रुग्णांच्या गाठींमध्ये त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. डीएनएच्या लिपीत जिथे एकच अक्षर किंवा अक्षरांची जोडी पुन्हा पुन्हा येते, तिथे त्या पुनरावृत्तीची लांबी सगळीकडे चुकलेली होती.

इथे छापखान्याची आठवण होते. खिळे जुळवणारा माणूस साध्या ओळी बिनचूक जुळवतो, पण एकच अक्षर पंधरा-वीस वेळा ओळीने आले की एखादा खिळा जास्त पडतो किंवा गळतो. म्हणून मुद्रितशोधक लागतो. आपल्या शरीरात पेशी दुभंगताना तीन अब्ज अक्षरांचा मजकूर दर वेळी नव्याने उतरवला जातो, आणि तिथेही मुद्रितशोधक प्रथिने असतात. ती चुकलेले अक्षर शोधून काढतात आणि दुरुस्त करवून घेतात. जीवाणूंमधली ही दुरुस्ती कशी चालते हे पॉल मॉड्रिच यांनी आधीच उलगडले होते, त्या कामासाठी पुढे २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना विभागून मिळाले. किण्व म्हणजे यीस्टवर काम करणाऱ्या संशोधकांनी या मानवी गाठींचे वर्णन वाचले आणि त्यांना ती चूक ओळखीची वाटली. ज्या यीस्टचा मुद्रितशोधक बिघडवलेला असतो, त्यात अशाच चुका दिसतात.

डिसेंबर १९९३ मध्ये दोन गटांनी जवळजवळ एकाच वेळी हे जनुक जाहीर केले. एक गट रिचर्ड फिशेल आणि रिचर्ड कोलोड्नर यांचा, दुसरा फोगेलस्टाइन आणि द ला शापेल यांचा. जनुकाचे नाव एमएसएच२. पुढच्याच वर्षी तिसऱ्या गुणसूत्रावर एमएलएच१ सापडले, नंतर एमएसएच६ आणि पीएमएस२.

प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. लिंच सिंड्रोम असलेल्या माणसाची एक प्रत जन्मतःच निकामी असते. दुसरीवर काम भागते, म्हणून तो माणूस वर्षानुवर्षे निरोगी असतो. आतड्याचे आणि गर्भाशयाचे अस्तर सतत नव्याने तयार होते, तिथे पेशी अखंड दुभंगत असतात. त्या गर्दीत कधीतरी एखाद्या पेशीतली दुसरी प्रतही बिघडते. त्या पेशीला मग मुद्रितशोधक उरत नाही आणि चुका साचत जातात. मुलाकडे निकामी प्रत जाण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो की मुलगी, नाणेफेक तीच.

‘जी’ घराण्याचा दोष २००० साली प्रसिद्ध झाला. एमएसएच२ जनुकात एका नेमक्या जागी टी या अक्षराऐवजी जी हे अक्षर. पेशीला जनुकाचे तुकडे जोडून वाचावे लागतात, आणि हे अक्षर नेमके सांध्यावर होते, त्यामुळे पुढचे वाचन बिघडत होते. जर्मनीतून आलेल्या शेतकऱ्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जे चालले होते, त्याच्या मुळाशी हे एक अक्षर होते. २००५ मध्ये या घराण्याचा शंभर वर्षांचा आढावा छापला गेला, तेव्हा नोंदलेल्या वंशजांची संख्या ९२९ होती.

या शोधाने काय बदलले, हे सांगताना मोठे शब्द वापरायचा मोह होतो. मला फिनलंडची एक साधी तुलना जास्त बोलकी वाटते. तिथे लिंच घराण्यांतल्या २५२ जणांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवले गेले. साधारण निम्म्यांनी दर तीन वर्षांनी मोठ्या आतड्याची तपासणी करून घेतली, बाकीच्यांनी नाकारली. तपासणी करणाऱ्यांत आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी निघाले, कारण पॉलिप असतानाच तो काढून टाकला गेला. ज्या बाईला ‘मी लवकर जाणार’ एवढेच ठाऊक होते, तिच्या घराण्याच्या पुढच्या पिढ्यांना आता तारीख ठरवून करता येण्यासारखे काही होते. आज बहुतेक ठिकाणी ही तपासणी वर्षा-दोन वर्षांनी करायला सांगतात.

इंग्लंडच्या जॉन बर्न यांनी अशा ८६१ जणांवर साध्या ॲस्पिरिनची चाचणी घेतली. रोज ६०० मिलिग्रॅम, किमान दोन वर्षे घेणाऱ्यांत पुढे आतड्याचा कर्करोग स्पष्टपणे कमी झाला. २०११ मध्ये हा निष्कर्ष आला, २०२० मध्ये दीर्घ पाठपुराव्याने पक्का झाला. आणि एक वेगळेच दार उघडले. मुद्रितशोधक नसलेल्या गाठीत चुका इतक्या साचतात, की तिची प्रथिने शरीराला परकी दिसू लागतात. रोगप्रतिकारशक्तीला थोपवून धरणारा लगाम औषधाने सैल केला, की ती या गाठींवर तुटून पडते. २०१७ मध्ये अमेरिकेने पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध अशा गाठींसाठी मंजूर केले, मग गाठ आतड्यात असो, गर्भाशयात असो वा आणखी कुठे. अवयवाऐवजी दोष पाहून औषध मंजूर होण्याची ती पहिली वेळ होती.

दुसऱ्या बाजूने भीतीचे नवे प्रकारही आले. रक्ताच्या एका नमुन्यातून भविष्य कळू लागले, तसा विमा कंपनीला आणि नोकरी देणाऱ्यालाही ते कळण्याचा धोका आला. अमेरिकेने २००८ मध्ये आनुवंशिक माहितीवरून भेदभाव करण्याविरुद्ध कायदा केला, पण तो आरोग्यविमा आणि नोकरीपुरता, आयुर्विम्याला लागू नाही. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. आणि आपल्याकडे विम्याच्याही आधी सोयरीक उभी राहते. ‘त्यांच्या घरात कॅन्सर आहे’ हे वाक्य पत्रिका परत पाठवायला पुरेसे होते, म्हणून घरातले मृत्यू ‘पोटाच्या दुखण्याने गेले’ या शब्दांत गुंडाळून ठेवले जातात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने आणि त्याच्या खारघर केंद्राने कर्करोगाच्या आनुवंशिकतेसाठी खास सल्लाकेंद्र चालवले आहे. तिथेही कामाची सुरुवात वंशावळ काढण्यापासून होते. आजीला नक्की काय झाले होते? आत्या कितव्या वर्षी गेली? ज्यांच्या घरात या गोष्टी लपवल्या गेल्या, त्यांच्याकडे उत्तर नसते. वंशावळीतली ती रिकामी जागा कुठल्याही यंत्राने भरून निघत नाही.

हेन्री लिंच २ जून २०१९ रोजी ओमाहात वारले, ९१ वर्षांचे होऊन. त्याच वर्षी कॅनडातील कादंबरीकार एमी मॅके यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. मॅके ‘जी’ घराण्यातल्या, आणि त्यांनाही ते अक्षर वारशाने मिळाले आहे. नियमित तपासण्यांच्या दिनक्रमात त्या जगतात. आपल्या पणजीच्या पिढीतल्या एका बाईचा शोध त्यांनी या पुस्तकात घेतला. वैद्यकाच्या पुस्तकांतून शंभर वर्षे जिचा उल्लेख ‘वॉर्थिन यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई’ एवढाच होत राहिला, तिचे नाव पॉलिन ग्रॉस होते.